हरलेल्या भावनेचं काय करायचं?

मंडळी, आजचा विषय ऐकून माझ्या वयाचे वाचक म्हणतील, हिला या वयात हे कुठलं खूळ लागलं! आणि तरुण वाचक म्हणतील, आजीला यातलं काय कळतंय! दोघांनीही जरा दम धरावा. विषय खेळाचा आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे. एखाद्या पात्राच्या मनात एकाच वेळी दोन उलट भावना असल्या, तर त्या खेळाच्या नियमांत कशा बसवायच्या? त्यांना आकडे द्यायचे का? फासा टाकून निकाल लावायचा का? आणि निकाल लागल्यावर जी भावना हरली, तिचं काय करायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते आपापल्या कामाला लागतील. आकडे जरूर द्यावेत. फासाही टाकावा. पण दोन विरोधी भावना एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालू नयेत, आणि हरलेली भावना कागदावरून खोडू नये. एवढंच माझं म्हणणं. आता ते का, हे सविस्तर.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. याला म्हणतात टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गोष्ट चालवतो, त्याला ही मुलं गेम मास्टर म्हणतात. आपण सूत्रधार म्हणू. बाकीचे एकेक पात्र घेतात. प्रत्येकापुढे आपल्या पात्राचा एक कागद असतो, त्यावर त्या पात्राची ताकद, हुशारी, कौशल्यं आकड्यांत लिहिलेली असतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तू काय करतोस?" खेळणारा सांगतो. जिथे होईल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. सोंगट्या लागतातच असं नाही, पट लागतोच असं नाही, आणि शेवटी कुणी जिंकलं-हरलं असंही नसतं. मला तर पहिल्यांदा बघताना हे बसून केलेलं नाटकच वाटलं. फरक इतकाच की संहिता कुणालाच माहीत नाही, सूत्रधारालाही अर्धीच.

या खेळाची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. दोघंही सैन्याच्या लढायांचे खेळ खेळणारे, त्यामुळे त्यांचा खेळही लढाईच्याच वळणाचा. पात्राच्या कागदावर सहा गुण: बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. तलवार किती जोरात बसेल हे कागद सांगायचा, पण ती उगारताना हात का थबकला, याचं उत्तर कागदावर नव्हतं. ते खेळणाऱ्यावर सोडलेलं.

मनाला नियमांत आणण्याचा मोठा प्रयत्न पुढे १९८५ साली झाला. ग्रेग स्टॅफर्ड नावाच्या गृहस्थांनी राजा आर्थरच्या सरदारांवर 'पेंड्रॅगन' नावाचा खेळ केला. (हे गृहस्थ २०१८ साली वारले.) त्यांनी स्वभावाच्या १३ जोड्या केल्या. उदार आणि स्वार्थी, क्षमाशील आणि सूड धरणारा, विनम्र आणि गर्विष्ठ, दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज २०. तुमचा सरदार दयाळू १३ असेल तर क्रूर आपोआप ७. एक वाढला की दुसरा तेवढाच कमी.

प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. समजा, शरण आलेला शत्रू पुढ्यात आहे. दयाळूपणावर फासा टाकला आणि १३ किंवा कमी आलं, तर दया दाखवायची. जास्त आलं तर क्रूरपणावर टाकायचा. तोही चुकला, तर मग खेळणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचं. हा शेवटचा भाग मला फार आवडला. स्वभाव दोन्ही बाजूंनी गप्प बसला की तिथे माणसाचा निर्णय सुरू होतो. हे एखाद्या तत्त्वज्ञाच्या पुस्तकात सापडलं असतं तर आपण अधोरेखित केलं असतं.

आता गंमत बघा. याच खेळात स्टॅफर्डनी आणखी एक गोष्ट ठेवली आणि तिला जोडी दिली नाही. तिला ते पॅशन म्हणतात, आपण 'ओढ' म्हणू. स्वामिनिष्ठा, कुटुंबाविषयी प्रेम, एखाद्याविषयी द्वेष, आतिथ्य. यांचे आकडे एकमेकांना बांधलेले नाहीत. एखाद्या सरदाराची राजावरची निष्ठा १६ आणि कुटुंबावरचं प्रेमही १६ असू शकतं. बेरीज कितीही होवो. आणि प्रेम, द्वेष, निष्ठा अशा ओढींपुढे नाव असतं. नुसतं 'प्रेम १६' असं नाही चालत, कुणावर ते लिहावं लागतं.

म्हणजे एकाच कागदावर मनाचे दोन नकाशे आहेत. स्वभावाचा नकाशा सी-सॉसारखा, एक टोक वर तर दुसरं खाली. ओढीचा नकाशा दोन विहिरींसारखा, दोन्ही एकाच वेळी तुडुंब असू शकतात. माझं म्हणणं असं की माणसाच्या मनातला खरा झगडा या दुसऱ्या नकाशावर होतो. राजाने सरदाराला त्याच्याच भावावर चालून जायला सांगितलं, तर त्या सरदाराचं भावावरचं प्रेम कमी होतं का हो? उलट त्याच रात्री ते सगळ्यात जास्त जाणवत असेल.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आम्ही राहतो तिथून मिहान जवळ. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, मिहान म्हणजे नागपूरच्या विमानतळालगतचा तो मोठा प्रकल्प: मालवाहतुकीचं केंद्र, कंपन्यांचं विशेष आर्थिक क्षेत्र, आता एम्स आणि आयआयएमसुद्धा तिथेच. २००२ साली त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची जमीन त्यात आली, सगळी मिळून ४,००० हेक्टरांहून अधिक. जिथे तूर आणि पऱ्हाटी उभी असायची तिथे आता काचेच्या इमारती आहेत. माझा नातू त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला जातो आणि रविवारी दुपारी चार मित्रमैत्रिणी जमवून आमच्या दिवाणखान्यात हा खेळ मांडतो. चहा-पोह्यांची बाजू माझ्याकडे. त्यामुळे कान टेबलाकडे असतात.

राजे-सरदारांचा कंटाळा आला म्हणून या मुलांनी विदर्भातल्या एका गावाची गोष्ट घेतली. विमानतळासाठी गावाची जमीन जाणार आहे, अशी. त्यांच्यातल्या एका मुलीने गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पात्र घेतलं. सगळे त्याला नुसतं 'बुढा' म्हणतात. त्या मुलीच्या स्वतःच्या आजोबांची शेती खरोखरच अशी गेलेली आहे आणि ती स्वतः आता तिथल्याच कंपनीत आहे. हे ती कधी मोठ्याने बोलत नाही, पण टेबलावरच्या सगळ्यांना माहीत आहे.

नातवाने नियम केला तो जोडीचा. 'जमिनीची ओढ' एकीकडे, 'मुलाच्या भवितव्याची काळजी' दुसरीकडे, बेरीज २०. बुढ्याची सुरुवात जमीन ११, मुलगा ९ अशी. फासा जिकडे झुकेल तिकडचा आकडा एकने वाढणार, दुसरा एकने कमी होणार. नोटीस आली, फासा टाकला, मुलगा जिंकला. गावात बैठक झाली, मुलगा जिंकला. मोबदल्याचा दर ऐकला, पुन्हा मुलगाच. असं करता करता तीन-चार रविवारांत जमीन ४ वर आली. संमतीपत्रावर सही करायच्या वेळी झगडा काही उरलाच नव्हता. बुढ्याने सही केली आणि सूत्रधार पुढच्या प्रसंगाकडे वळला.

ती मुलगी मात्र कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "अरे, हा चार कसा झाला? माझ्या आजोबांनी पैसे घेतले, घर बांधलं, माझं शिक्षण त्याच पैशातून झालं. पण अजून पहिला पाऊस पडला की ते दारात उभे राहून म्हणतात, वावरात जाऊन येतो. वावर कुठे आहे? पण त्यांचा आकडा चार नाही रे."

कुणी काही बोललं नाही. माझा नातू मुलगा चांगला आहे, पण नियमाचा पक्का. तो म्हणाला, "अगं, पण मग सही कशी केली त्यांनी?"

हाच तो प्रश्न, मंडळी! सही केली म्हणजे ओढ नव्हती, असं आपण किती सहज धरून चालतो. लग्न करून गेली म्हणजे माहेर सुटलं. परदेशी गेला म्हणजे आईबापांची माया आटली. जमीन दिली म्हणजे पैशाचा मोह. निकालावरून आपण मागे जाऊन मन ठरवतो. जोडीचा नियम हेच करतो, फक्त आकड्यांत. जे हरलं ते कमी होतं असं त्याला वाटतं. खरं म्हणजे हरल्यामुळे ते कमी होत नाही. पुष्कळदा वाढतं.

मी त्यांना सुचवलं की जोडी तोडा. जमीन १६ लिहा, मुलगा १६ लिहा, आणि दोन फासे टाका, एक जमिनीसाठी, एक मुलासाठी. दोन्ही फासे आपल्या आकड्याच्या आत आले तर ज्याचा फासा मोठा तो जिंकला. (हा नियम माझा नाही, पेंड्रॅगनमध्ये दोन गोष्टी समोरासमोर आल्या की असंच करतात.) पण जिंको कुणीही, दोन्ही आकडे जागच्या जागी राहतील.

सहीचा प्रसंग त्यांनी पुन्हा खेळला. जमिनीला ९ आले, मुलाला १४. दोन्ही आत, मुलगा जिंकला, सही झाली. निकाल तोच! पण जमीन अजून १६ होती, आणि पुढच्या रविवारी मोबदल्याच्या पैशातून मुलाने मोटार आणली तेव्हा ती उठून बसली. फासा टाकला तर जमीन जिंकली. आता बुढा काय करणार? सही तर परत घेता येत नाही. ती मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बुढा मोटारीत बसत नाही. म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. आणि चालत जुन्या विहिरीकडे जातो. तिथे आता कुंपण आहे. तो कुंपणाबाहेर उभा राहतो." हे कुणी ठरवलं नव्हतं, सूत्रधारानेही नाही. हरलेली भावना कागदावर शिल्लक होती, म्हणून तो प्रसंग घडू शकला. चारचा आकडा असता तर बुढा मजेत मोटारीत बसला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

आता बी. ए. ला मराठी वाङ्मय घेतलेल्या आणि आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला इथे आपलं काव्यशास्त्र आठवणार नाही असं कसं होईल! भरताच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव, ३३ व्यभिचारी भाव आणि ८ सात्त्विक भाव सांगितले आहेत, एकूण ४९. स्थायी म्हणजे मुक्कामाला असलेले. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे: शंका, चिंता, गर्व, लाज, विषाद, स्मृती वगैरे. मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त भावांच्या अवस्था दिल्या आहेत. भाव उगवतो तो भावोदय, शमतो ती भावशांती. सारख्या बळाचे दोन भाव एकाच वेळी आले तर भावसंधी, आणि एकामागून एक भाव आधीच्याला दाबत येत राहिले तर भावशबलता. पेपरात या चौघांवर टीप हमखास यायची, आणि आम्ही पाठ करून लिहायचो. ही टीप मला विसाव्या वर्षी पाठ होती, पण तिचा उपयोग सत्तरीनंतर एका खेळाच्या टेबलावर झाला!

बघा, 'भावसंधी' या शब्दातच माझा मुद्दा आहे. संधी म्हणजे सांधा. दोन हाडं असतील तरच सांधा. एक हाड काढून टाकलं तर सांधा उरत नाही, नुसता खुळखुळा उरतो.

आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या विदर्भाचंच आहे. भवभूती आठव्या शतकातला. त्याने आपलं गाव पद्मपूर असं सांगितलं आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर असल्याचं मांडलं. म्हणजे आमच्या नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाचा तिसरा अंक बघा. रामाने सीतेचा त्याग करून बारा वर्षं झाली आहेत. राम पंचवटीत आला आहे. सीताही तिथे आहे, पण गंगेच्या वरामुळे ती कुणाला दिसत नाही. तिच्याबरोबर तमसा ही नदीदेवता आहे. राम जुन्या जागा बघून शोकाने कोसळतो आणि सीता ते उभी राहून पाहते.

त्या क्षणी सीतेच्या मनात काय चाललं आहे ते तमसा सांगते. आणि ती एक शब्द सांगत नाही. सीतेच्या मनात आशा संपल्यामुळे आलेली अलिप्तता आहे, झालेल्या अन्यायाची कडवट चीड आहे, इतक्या वर्षांनी अचानक समोर आल्याने बसलेला धक्का आहे, स्वभावातला चांगुलपणा आहे, त्याचा शोक बघून आलेला कळवळा आहे आणि प्रेमाने आलेला पाझरही आहे. हे सगळं एकाच घटकेला. शिवाय भवभूती प्रत्येक भावाबरोबर त्याचं कारण देतो. अमुक या कारणाने, तमुक त्या कारणाने. त्यामुळे एक भाव दुसऱ्याला खोटा पाडत नाही. चीड आहे म्हणून प्रेम कमी नाही, आणि प्रेम आहे म्हणून अन्याय माफ नाही. जोडी करून बेरीज २० केली असती तर सीता म्हणजे प्रेम १२, चीड ८ अशी काहीतरी बाई झाली असती!

तेव्हा माझ्या मते खेळाला हे चार नियम असावेत. मुलांनी माझ्याकडून ते लिहूनच घेतले आहेत.

पहिला. विरोधी भावनांना स्वतंत्र आकडे द्या. बेरजेचं बंधन नको. मात्र एका पात्राला अशा दोन-तीनच ओढी द्या, नाहीतर खेळ पुढे सरकत नाही. नातवाची तक्रार तीच होती की खेळ संथ होतो. खरं आहे. तिथे तर तो संथ व्हायलाच हवा.

दुसरा. प्रत्येक भावनेपुढे कुणाविषयी आणि का, हे लिहा. 'जमीन १६' पुरेसं नाही. 'जमीन १६, कारण बापाने खणलेली विहीर' असं लिहा. मग सूत्रधाराला कळतं की विहीर दिसली की फासा टाकायचा, नुसता सातबारा दिसला की नाही.

तिसरा. हरलेल्या भावनेचा आकडा तसाच ठेवा आणि तिच्यापुढे एक खूण करा. खूण असलेली भावना पुढे कधीतरी एकदा आपलं म्हणणं मांडणारच. ते कसं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

चौथा. हरण्याचा परिणाम अंगावर दिसू द्या. पुष्कळ खेळांत मन दुखावलं की पुढच्या फाशातून दोन वजा करतात. आकडा वजा केल्याने काय दिसतं? आपल्याकडे आठ सात्त्विक भाव आहेत: अंग ताठरणं, घाम, रोमांच, आवाज बसणं, कंप, चेहरा उतरणं, अश्रू, शुद्ध हरपणं. यातला एक निवडा. बुढ्याने सही केली, पण अक्षर वेडंवाकडं आलं. बस! टेबलावरच्या सगळ्यांना कळतं. आणि कुणाला लपवायचं असेल तर तेत्तीसांत 'अवहित्था' नावाचा भाव आहेच, मनातलं चेहऱ्यावर येऊ न देण्याचा. आपल्या घरातल्या बायका त्यात पारंगत असतात, वेगळं शिकवायला नको.

अलीकडच्या खेळांत 'मास्क्स' नावाचा एक आहे, अतिशक्ती असलेल्या किशोरवयीन मुलांचा. त्यात भीती, राग, अपराधीपणा, निराशा आणि असुरक्षितता अशा पाच अवस्थांच्या चौकटी असतात. एकाच वेळी दोन-तीनांवर खूण होऊ शकते, हे मला पटलं. खूण पुसायची तर त्या भावनेसारखं काहीतरी करून बसावं लागतं. राग असेल तर कुणाला तरी दुखवायचं किंवा महत्त्वाचं काही मोडायचं, भीती असेल तर कठीण प्रसंगातून पळ काढायचा. पोरसवदा वयाला हे चपखल आहे. पण साठीच्या शेतकऱ्याचं दुःख असं एकदा काहीतरी मोडून पुसलं जात नाही. वयाप्रमाणे नियम वेगळे हवेत, असं मला वाटतं.

आता दोन आक्षेप. माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, भावनांना कसले आकडे? माणूस म्हणजे काय गणित आहे?" अगं, मी तीस-बत्तीस वर्षं निबंधांना दहापैकी गुण दिले. सातचा आकडा म्हणजे तो निबंध नव्हे, हे मलाही कळत होतं आणि मुलांनाही. पण गुण द्यायचे म्हणून तो निबंध मी नीट वाचायची. आकड्याचा उपयोग तेवढाच. 'जमीन १६ की १४?' असं विचारलं की ती मुलगी बुढ्याच्या मनात शिरते. नुसतं 'त्याला वाईट वाटतं' म्हटलं की कुणीच शिरत नाही. शाळेच्या पेपरात प्रश्न असतो, 'पात्राच्या मनातील भावना एका शब्दात लिहा.' हा प्रश्न मला कधीच आवडला नाही. जो मुलगा दोन शब्द लिहायचा, 'आनंद आणि भीती' असे, त्याला मी पूर्ण गुण द्यायची. ते एका शब्दाचं वळण जाता जात नाही, आणि मोठेपणी आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दलही एका शब्दात बोलतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. फासा टाकून मन ठरवायचं म्हणजे जबाबदारी टाळायची, नाही का? फाशांवर सोडलं की काय होतं ते आपल्याला द्यूतसभेने शिकवलंच आहे. मान्य. म्हणून फासा टाकण्याआधी खेळणाऱ्याला विचारावं की तुझं पात्र काय करेल हे तुला ठाऊक आहे का. ठाऊक असेल तर फासा नकोच. ठाऊक नसेल, खरोखर अडलं असेल, तरच टाकायचा. आणि फाशाने कृती ठरली तरी तिचा अर्थ खेळणाऱ्यानेच सांगायचा.

फाशाचा एक मोठा फायदाही आहे. तो आपल्याला आपल्यासारखं वागू देत नाही. पंचविशीतली मुलगी स्वतःच्या मनाने खेळली असती तर बुढ्याने एकतर बाणेदारपणे नोटीस फाडली असती, नाहीतर शहाण्यासारखी लगेच सही केली असती. फाशाने तिला सहीही करायला लावली आणि कुंपणाशीही उभं केलं. दोन्ही तिच्या आजोबांनी केलेल्या गोष्टी. त्यानंतर तिने आजोबांना बसवून त्या विहिरीबद्दल विचारलं, असं तिने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. किती हात खोल, पाणी कधी लागलं, मोट कधी बंद झाली. आजोबा दोन तास बोलत होते म्हणे. आजवर घरात कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, कारण सही झाली तेव्हा विषय मिटला असं सगळे धरून चालले होते.

सूत्रधारांसाठी जाता जाता एक गोष्ट. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सांगितलं आहे की एकमेकांना मारक असलेले दोन रस लागून आणायचे असतील तर मधे तिसरा ठेवावा. 'नागानंद' नाटकात शांत आणि शृंगार यांच्या मधे अद्भुत येतो, हे उदाहरण तो देतो. टेबलावरही तसंच करावं. सहीनंतर लगेच मोटारीचा प्रसंग नको. मधे गावातला पोळा येऊ द्या, बैल सजवू द्या, पोरांना नाचू द्या. मग मोटार आणा. आमच्या नातवाने हे करून बघितलं आणि कधी नव्हे ते म्हणाला, "आजी, हे भारी आहे." मी म्हटलं, भारी असणारच, हजार-अकराशे वर्षं जुनं आहे.

असो. लिहायला बसलं की हात थांबत नाही. आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांच्या जमिनी गेल्या, किंवा ज्यांनी स्वतः विकल्या, त्यांना हा खेळ नसेना का, पण एक कागद घेऊन बसायला माझी हरकत नाही. एका बाजूला काय केलं ते लिहा, दुसऱ्या बाजूला काय काय वाटत होतं ते, प्रत्येकापुढे कारणासकट. बेरीज करू नका. आणि तुमच्याकडची मुलं असा काही खेळ खेळत असतील, त्यांनी भावनांसाठी आणखी काही नियम काढले असतील, तर मला जरूर कळवा. पुढच्या रविवारी बुढ्याच्या नातीचं लग्न आहे आणि मांडव कुठे घालायचा यावरून टेबलावर आत्तापासूनच वाद सुरू झाला आहे.